अंडी तेवढीच होती

नगर-पारनेर रस्त्यावरच्या एका घोडेपालन केंद्रात मी पशुवैद्य होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी शिंगरं अंगच धरीनात. पोटं सुटलेली, केस राठ, लीद पातळ. जंताचं औषध मी वेळच्या वेळी पाजत होते, तरी ही गत.

मालकांनी पुण्याहून एक संशोधक बोलावली. गाडीतून उतरली ती माझी हॉस्टेलमधली खोलीसोबतीण! कॉलेजात मार्कांत मी तिच्या पुढे होते. मग माझं लग्न झालं, ही नोकरी लागली. ती मात्र जंतांच्या जनुकांवर पीएच.डी. करत राहिली. मालकांनी तिच्यासाठी खुर्ची स्वतः पुसली. मला पुसलेली सोडाच, नुसती खुर्चीही कधी दिली नव्हती.

औषध पाजण्याआधी आणि दोन आठवड्यांनी, अशी दोनदा तिनं लिदीतली जंतांची अंडी मोजली.

"अंडी तेवढीच आहेत गं. तुझं औषध या जंतांना लागूच पडत नाही."

'तुझं' हा शब्द मला झोंबला.

"डोस कमी पडत असेल," मी म्हणाले. "वजन आम्ही नजरेनं धरतो."

"मग वजन करू या की."

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हसला. "बाई, घोड्याला काट्यावर कोन उभं करनार?"

पण उसाचा हंगाम संपलेला होता, साखर कारखान्याचा गाड्या तोलायचा काटा रिकामा होता. एकेक जनावर टेम्पोत चढवून आम्ही तिकडे नेलं. माझ्या अंदाजापेक्षा जनावरं जड निघाली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मोजूनमापून पूर्ण डोस मी माझ्या हातानं पाजला आणि दोन आठवडे ऐटीत वावरले. मग सूक्ष्मदर्शकाला मीच डोळा लावला. अंडी तेवढीच होती.

हौदाच्या कठड्यावर बसून तिनं मला समजावलं. औषध जंताच्या एका प्रथिनाला चिकटतं आणि जंत मरतो. काही जंतांत त्या प्रथिनाच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, तिथं औषध चिकटत नाही. बाकीचे मरतात, हे उरतात, आणि यांचीच पिल्लावळ वाढते. "सगळ्या घोड्यांना सारखंसारखं पाजलं की आपणच त्यांना निवडून ठेवतो."

किती सोपं करून सांगितलं! त्याचाच मला जास्त राग आला. मी त्याच लिदीत रोज हात घालत होते, आणि हे सुचलं तिला.

लिदीतल्या अंड्यांतून वाढवलेल्या अळ्या ती पुण्याला घेऊन गेली. परत आली ती त्यांच्या जनुकाच्या तपासणीचा फोटो घेऊन. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा. बदललेलं अक्षर खरंच सापडलं होतं. मालक फोटो उलटसुलट करून बघत राहिले. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि तबेल्यात उगाचच एका घोडीची आयाळ विंचरत बसले.

दुसऱ्या जातीचं औषध दिल्यावर शिंगरं भरली. मालक खूश होऊन म्हणाले, "आता हेच सगळ्यांना दर महिन्याला पाजा."

"नाही," मी म्हणाले. "ज्याच्या लिदीत अंडी जास्त, त्यालाच. नाहीतर याचीही तीच गत होईल."

"बघा, काही झालं तर तुमच्यावर येईल."

"येऊ द्या."

ती पुढं परदेशी गेली. तिचा हेवा मला पुष्कळ वर्षं वाटत राहिला. दाण्याच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून मी एकेका घोड्याची लीद तपासायला लागले. निम्म्याहून जास्त घोड्यांना औषधाची गरजच नव्हती.