ब्रेक लावलेला बेड

"सिस्टर, ब्रेक लावला होता की नाही, एवढंच सांगा."

"लावला होता, मॅडम. चारही चाकांना."

"मग आजी खाली कशा आल्या?"

सुजाता सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. सकाळी सहा नंबरच्या खोलीत एक आजी बेडवर बसायला गेल्या आणि बेडच मागे सरकला. सिस्टरने वेळेवर धरलं, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. संध्याकाळपर्यंत बेडमध्ये दोष सापडला नाही, तर सिस्टरने उद्यापासून यायचं नाही, असं डॉक्टर मॅडमनी ठरवलं होतं. दोष शोधायला मला बोलावलं होतं. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत सात-आठ नर्सिंग होममधली यंत्रं आणि बेड मी दुरुस्त करतो. हे त्यांतलंच एक, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

मॅडमच्या केबिनबाहेर आल्यावर सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "काका, तो मागच्या आठवड्यातही सरकलेला. रिकामा असताना."

"कोणी हलवला असेल."

"खोली बंद होती. हसतील म्हणून बोलले नाही."

मला हसू आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी माझी पत्नी त्याच खोलीत, त्याच बेडवर गेली होती.

बेडच्या ब्रेकमध्ये गूढ काही नसतं. पेडल दाबलं की एक पट्टी चाकावर घट्ट बसते आणि चाक फिरायचं थांबतं. मी चारही चाकं तपासली. ठाकठीक होती. ब्रेक लावले, प्रत्येक चाकावर जिथे ते फरशीला टेकतं तिथे खडूची रेघ मारली, फरशीवरही खूण केली. दार लावून खुर्चीत बसलो. शेवटच्या दिवसांत मी याच खुर्चीत बसायचो.

चारच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या, दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला. सलाइनच्या स्टँडचा आकडा किणकिणला. आणि बेड हलला.

धक्का नाही, आवाज नाही. झोपलेलं माणूस दुसऱ्याला जागा द्यायला जरासं सरकतं, तसा तो खिडकीकडे सरकला. थांबला. पुन्हा सरकला. लिहिताना संकोच वाटतो, पण मी तिला नावाने हाक मारली.

मग खाली पाहिलं. बेड चार बोटं गेला होता. चाकांवरच्या रेघा मात्र जिथल्या तिथे होत्या. चाकं तसूभरही फिरली नव्हती. जे चाक फिरत नाही, ते फक्त घसरू शकतं. मी गुडघ्यांवर बसून फरशीवर बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. वास घेतला. तिळाचं तेल.

बेडशेजारचं कपाट ओढलं. मागे भिंतीशी एक मातीची पणती होती. काठोकाठ भरलेली. वात पांढरीशुभ्र, एकदाही न पेटलेली.

हौसामावशींना हाक मारली. फरशी पुसणं, पेशंटचं करणं, सगळं त्याच बघतात. रोज लोकलने दिवा स्टेशनहून येतात.

"मावशी, हे काय?"

"तुमच्या बाईंचा दिवा."

"मी दहा दिवस म्हणालो होतो."

"मग बंद करा असं कुठं म्हणालात? आणि तेल आटू द्यायचं नाही हे तुम्हीच बजावलेलं. रोज चमचाभर घालते."

"पण पेटवलेलाच नाही."

"ऑक्सिजनच्या खोलीत काडी ओढू? भिंतीवर बोर्ड तुम्हीच लावलाय ना?"

बोर्ड मीच लावला होता. दिवाही मीच मागितला होता. माणूस जिथे गेलं तिथे दिवा ठेवतात, आणि ती घरी नाही, इथे गेली होती. त्या दिवशी मला बोर्ड आठवला नाही. मावशींनी दोन्ही पाळलं. तेल जळत नव्हतं, रोज भर पडत होती, मातीतून झिरपत होतं. ओल्या फडक्याने ते फरशीभर पसरलं. या खोलीची फरशी खिडकीकडे किंचित उतरती आहे. खालचा कॉम्प्रेसर थरथरला की तेवढं पुरत होतं.

"ब्रेक ढिला होता म्हणून सांगा ना," मावशी म्हणाल्या. "सिस्टर पण सुटेल, तुम्ही पण."

मोह झाला. पण मग सगळे पुन्हा ब्रेकवरच भरवसा ठेवणार होते.

"मॅडम, ब्रेक चांगला आहे. सिस्टरने लावलाही होता. तेल माझं आहे," मी सांगितलं, आणि का तेही सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "पेशंटच्या खोलीत, काका? तुम्ही?"

"हो."

त्यांनी सिस्टरला बोलावून माझ्यासमोर माफी मागितली. मावशींना पणती घरी न्यायला सांगितलं. मला म्हणाल्या, "काही महिने दुसऱ्या कोणाला बोलावते." मला ते पटलं.

जाण्यापूर्वी फरशी साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुतली. सुकल्यावर ब्रेक लावून पुन्हा खुर्चीत बसलो. कॉम्प्रेसर दोनदा सुरू झाला. बेड हलला नाही. काम तिथेच संपलं होतं, तरी मी आणखी अर्धा तास बसून राहिलो.

ब्रेक चाकाला धरतो. बेडला धरते ती फरशी. हल्ली कुठेही बेड तपासायला गेलो, की मी आधी खाली बसून फरशीवरून हात फिरवतो.