तीनची बातमी, पाचचा सत्कार

आता हे सांगावं की गिळून टाकावं, यावर मी महिनाभर स्वतःशी भांडलो. भांडणं हा माझा धंदाच आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात तीस वर्षं मराठी पेपरची बातमीदारी केली, खुर्चीवरच्या एकाही माणसाला सोडलं नाही. पण या वेळी समोरचा माणूस मीच निघालो. तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

आधी दोष कुणाचा ते सांगतो. नागपूरच्या डेस्कचा. आमचं पान सगळ्यांत आधी छपाईला लागतं, म्हणून त्यांना मजकूर दुपारी तीनला हवा. आणि आमच्या गावात कार्यक्रम होतात संध्याकाळी पाचला. मग बातमीदाराने काय करायचं? निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि न झालेल्या कार्यक्रमाची बातमी लिहून मोकळं व्हायचं. सभागृह खचाखच भरतं, सत्कारमूर्ती भारावतात, पाहुणे मार्गदर्शन करतात. तीस वर्षांत एकदाही दुरुस्ती छापावी लागली नाही. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

त्या दिवशी सत्कार होता कुमुदताईंचा. व्यावसायिक टेनिस खेळलेली आमच्या गावची एकुलती एक बाई. बाराव्या वर्षी चेन्नईला गेली, पुढे बॅगा उचलून देशोदेशी फिरली. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या, रिकाम्या गॅलऱ्या, परक्या गावांतली एकटी जेवणं, शेवटी गुडघ्याची दोन ऑपरेशनं. निवृत्त होऊन परतली ती एकच हट्ट घेऊन: जुन्या क्लबामागचं सिमेंटचं कोर्ट मुलींना शिकवायला मिळावं. तिथे लग्नाचं लॉन करायचं घाटत होतं. मी त्याविरुद्ध सात लेख ठोकले होते. निर्णय एका सरकारी साहेबांच्या हाती होता आणि तेच प्रमुख पाहुणे होते.

ताईंचं भाषणही मीच लिहिलं. बातमीत चार वाक्यं हवीतच ना? ‘बाबांच्या चपला घालून मी याच कोर्टाच्या भिंतीवर पहिला चेंडू मारला,’ असं डोळे पुसत त्या म्हणाल्या. ‘चेंडू परत आला, तेव्हा वाटलं, भिंतीपलीकडे कुणीतरी खेळतंय.’ हे मला कसं सुचलं, देव जाणे. बातमी पाठवली, मफलर गुंडाळला आणि निघालो.

डिसेंबरात वैनगंगेवरचं धुकं साडेचारलाच गावात शिरतं. क्लबाच्या दिव्यापुढे काही दिसत नव्हतं. आत एक ट्यूबलाइट फडफडत होती. शंभर खुर्च्या, माणसं बारा. म्हटलं, गेलं आपलं ‘खचाखच’.

तेवढ्यात दार उघडलं. धुक्यातून मुली आत येऊ लागल्या. सारखे करडे स्वेटर, दोन-दोनच्या रांगेत, एकीच्याही तोंडून शब्द नाही. येत राहिल्या, बसत राहिल्या. शेवटची मुलगी शेवटच्या खुर्चीवर बसली आणि रांग संपली. माझ्या मानेवर थंड बोट फिरल्यासारखं झालं.

ताई माइकपुढे उभ्या राहिल्या. हातातल्या मोबाइलकडे पाहून सपाट, दुरून येणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “बाबांच्या चपला घालून मी याच कोर्टाच्या भिंतीवर पहिला चेंडू मारला.”

मी खुर्ची घट्ट धरली. त्यांनी डोळे पुसले. जिथे मी लिहिलं होतं, तिथेच. “चेंडू परत आला, तेव्हा वाटलं, भिंतीपलीकडे कुणीतरी खेळतंय.”

शेजारचे निवृत्त गुरुजी माझ्याकडे झुकले. “भाऊ, थंडी वाजून राह्यली का?”

“हौ.”

“मंग ओठ काहून हलवून राह्यले?”

पुढचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. तुम्ही लिहिलेलं तुमच्यासमोर घडायला लागलं, तर आनंद होत नाही हो. पळून जावंसं वाटतं. आणि मला माझ्या बातमीचं शेवटचं वाक्य आठवलं.

साहेब उठले. मनात म्हटलं, हे तरी खोटं ठरू दे. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, थबकले, हात रिकामाच बाहेर काढला. “इस माँग पर हम सकारात्मक विचार करेंगे.” माझंच वाक्य, फक्त हिंदीत. टाळ्या झाल्या.

चहाच्या टेबलापाशी मी क्लबाचे सचिव भाऊराव यांना गाठलं. “हे काय चाललंय, भाऊराव?”

“काय म्हंजे? तुमची बातमी नागपूरवाल्यायनं सवातीनलेच मोबाइलवर टाकली. गावभर फिरून राह्यली.”

“आणि या मुली?”

“तुमी खचाखच लिवलं, मले दिसले बारा लोकं. लाज जाईन म्हनून वसतिगृहातून आनल्या. सांगतलं, आवाज केला तं नाश्ता भेटनार नाई.”

“आणि ताई?”

“त्याइले मराठी भाषणाची सवय नाई राह्यली. मी म्हनलं, छापलंच हाये, तेच वाचा.”

मला हायसं वाटलं. भूत निघालं ते नागपूरच्या डेस्कवर. मी त्यांना शिव्या द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊरावांनी मला कोपऱ्यात ओढलं.

“पन साहेबाचं वाईट झालं, भाऊ. कोर्ट पोरीयले द्याचा आदेश सही करून आनलता. खिशात होता. गाडीत तुमची बातमी वाचली आन् म्हनले, अख़बार में आश्वासन आ गया है, अब सीधे आदेश दूँगा तो लोग पूछेंगे, इतनी जल्दी क्यों?”

माझ्या हातातला चहा गार झाला. ते वाक्य मी विचार करून लिहिलं नव्हतं. साहेब आला की आश्वासन, हे माझ्या हाताला तीस वर्षांचं वळण.

कुमुदताई लंगडत जवळ आल्या. “दादा, ते चपलांचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कुणी नाही. मनाने लिहिलं.”

“खरं आहे ते. बाबा झोपले की मी यायची. त्यांनाही माहीत नव्हतं. आणि भिंतीपलीकडचं तर मी कधी कुणाशी बोललेच नाही.”

बाहेर कोर्टावर धुकं भरलं होतं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मग भाऊरावांकडे एकदा बघून त्यांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, “दादा, तुम्ही लिहिता तसंच इथे होतं म्हणे. मग लिहिता लिहिता कोर्ट देऊनच का नाही टाकलं?”

सात लेख लिहिणाऱ्या माणसाने यावर काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, “बघू, ताई. विचार करतो.”