मावशींची ओहोटी आणि एरिकचं ॲप

कांबळे सरांच्या पडवीत आम्ही दर रविवारी प्रोग्रॅमिंग शिकायला बसतो. सर निवृत्त गणित शिक्षक, मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. शिकलो किती ते विचारू नका, पण किस्से इतके झालेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत!

आम्ही हात घातला तो भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या एका ओपन सोर्स ॲपला. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, सुधारणा कुणीही पाठवावी. नॉर्वेतला एरिक नावाचा माणूस ते सांभाळतो.

पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या सुगंधामावशींना ऐटीत सांगितलं, "मावशी, उद्या ओहोटी अकराला!"

मावशी खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला गेल्या, तर पाणी परत चढायला लागलेलं. रिकामी पाटी माझ्या दारात आपटून म्हणाल्या, "गो बाय, तुझा फोन खोटा बोलतो! माझी कालवं दर्यातच ऱ्हायली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ॲप सुधारल्याशिवाय मावशींना तोंड दाखवायचं नाही, असं ठरवून टाकलं.

*

चूक सरांनी शोधली. आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. ॲपला अर्धा तास माहीतच नव्हता, ते साडेपाचाचे सरळ सहा करायचं!

"वर्गात कुणी असं केलं असतं, तर अंगठे धरून उभं केलं असतं," सर म्हणाले.

*

दुरुस्ती पाठवताना मात्र आम्ही अस्सल रत्नागिरीकर. कुणी मुंबईला निघालं की सगळी आळी त्याच्याबरोबर आपापली पिशवी देते. तसं मी वेळेच्या दुरुस्तीसोबत बटणाचा नवा रंग, मराठी नावं, सरांनी सुचवलेल्या तिथी, सगळं एकदमच पाठवलं.

एरिकने नम्रपणे परत केलं. "एका वेळी एकच गोष्ट, प्लीज."

सर म्हणाले, "याचं मुंबईला कुणी नाही वाटतं!"

*

मग नुसती वेळेची दुरुस्ती पाठवली, तर एरिकने पुरावा मागितला. चार दिवस स्वतः पाणी बघा आणि वेळा लिहा.

सर खडू घेऊन किनाऱ्यावर आले. पाणी जिथवर होतं तिथे खडकावर रेघ मारली. लाटेने पुसली. पुन्हा मारली. पुन्हा पुसली!

मावशी लांबून बघत होत्या. शेवटी न राहवून खाली आल्या. "मास्तर, ह्यो काय फळा हाय?"

त्यांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. पाणी मागे सरलं की त्याच्यापुढे दुसरा. "जो दगड शेवटचा, त्याचा टाइम लिवा."

चारही दिवस ॲप अर्धा तास चुकलं! मी सगळं एरिकला पाठवलं, खाली मावशींचं नावही लिहिलं. त्याने दुरुस्ती स्वीकारली, तेव्हा मी पडवीत अक्षरशः नाचले.

"मावशी, तुमची ओहोटी आता जगभर पोचली!"

"जगाचं ऱ्हाऊ दे. उद्याचा टाइम सांग."

दुसऱ्या दिवशी पाटी भरून आली. वाटीभर कालवं माझ्या घरी आली.

*

गेल्या आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती निघायची होती. सगळं तयार असताना एरिकचा मेसेज आला. "मी थांबलोय. मावशींनी पाणी बघितलं का?"

मी धावत जाऊन मावशींना वाचून दाखवलं. त्या कालवं फोडत होत्या. मानही वर केली नाही.

"त्याला म्हनावं, उद्या ओहोटीला बघून सांगते. तवर कशाला हात लावू नकोस!"

मी जसंच्या तसं कळवलं. नॉर्वेहून लगेच उत्तर आलं.

"हो, मावशी."