दाराखालची पाचर

आमच्या तुर्भ्याच्या गाळ्यात बिघडलेल्या मोटारी दुरुस्तीला येतात. मी वाइंडिंग करते, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळते. तार कुठे सैल आहे, कुठे तिचा लेप खरवडलाय, हे डोळ्यांआधी माझ्या बोटांना कळायचं. त्याचा मला माज होता.

एकदा पत्रा कापायच्या लेझर मशीनची मोटार आली, सरळ रेषेत धावणारी. शेजारच्या टेबलावरचे काका उरणकडचे, त्यांचं सगळं आयुष्य गोल मोटारींत गेलेलं. मी त्यांना तोऱ्यात समजावलं, की बांगडी कापून सरळ करावी तशी ही मोटार उलगडलेली आहे. खाली चुंबकांची लांब पट्टी, वर तारेची वेटोळी बसवलेला लोखंडी ठोकळा. वेटोळ्यांत पाळीपाळीने वीज सोडली की चुंबकाची ओढ पुढे पुढे सरकते आणि ठोकळा तिच्याबरोबर धावतो. पट्टा नाही, दातेरी चाक नाही. काही मेट्रो गाड्या अशाच धावतात, काही काचेची आपोआप सरकणारी दारंसुद्धा. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गरगर फिरत नाही ती मोटार कसली.

ठोकळा आणि पट्टी एकमेकांना चिकटले तर सोडवायला सोबत एक लाकडी पाचर आली होती. गाळ्याचं दार सारखं आपटायचं आणि आत जीव गुदमरायचा, म्हणून ती मीच दाराखाली ठोकली. छान वारा येत होता.

दुपारी ठोकळा उचलून बाजूला घेताना माझा हात जरा खाली गेला. चुंबकांनी ठोकळा खेचला आणि माझी दोन बोटं मध्ये सापडली. काकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"लाईट बंद केली हाय, पोरी. आता सुटल."

सुटणार नव्हतं. ती चुंबकं विजेवर चालत नाहीत, वीज गेली तरी त्यांची पकड तशीच राहते. मला हे माहीत होतं, तरी मी हात ओढून पाहिला आणि कळवळले. बोटं गेली तर मी काय करणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात काका पहार घेऊन आले. चुंबकांनी तीही ओढून घेतली असती आणि बोटांचा चुरा झाला असता.

"लोखंड नको, काका. लाकूड आणा."

"पन लाकूड कुठं हाय?"

मला स्वतःचा इतका राग आला, की रडू फुटलं. "दाराखाली," मी म्हटलं.

पाचर घट्ट बसली होती, मीच बसवली होती. काकांनी लाथा मारून ती काढली आणि दार धाडकन बंद झालं. दिवे गेलेलेच होते. मोबाइलच्या उजेडात ते पाचर एका कडेने ठोकत गेले. प्रत्येक ठोका माझ्या कोपरापर्यंत पोचत होता. शेवटी ठोकळा बोटभर उचलला गेला.

बोटं वाचली, हाडंही जुळली. पाचर आता दोरीने टेबलाला बांधलेली असते. दार आपटतं, आपटू दे. पण त्या दोन बोटांच्या टोकांना अजून काही कळत नाही. बारीक तारेचं काम झालं की मी काकांना हाक मारते. ते तारेवरून बोट फिरवतात आणि सैल असेल तिथे थांबतात. मी नुसती बघत उभी असते.