खारा हंडा

वाळूजच्या कारखान्यांमागं पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती वाढत होती. तिथल्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. दुष्काळ लागोपाठ दुसऱ्या वर्षी पडला होता. पिशोरकडची, कन्नडकडची माणसं गाव सोडून ठेकेदाराकडं कामाला यायची आणि त्यांची पोरं वर्षाच्या मधेच माझ्या वर्गात येऊन बसायची. सातवीला समुद्रमार्गांच्या शोधाचा धडा होता. फळ्यावर मी शिडाचं जहाज काढलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ही टोपी हाय का?"

मी चिडलो, पण चूक त्या पोराची नव्हती. मीही समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यानंतर.

म्हणून शहरात गुलमंडीजवळच्या सीडीच्या दुकानातून एक सिनेमा आणला. शेकडो वर्षांपूर्वीच्या खलाशांची गोष्ट, हिंदीत डब केलेली. "ले जाओ सर, इसको कोई पूछता नहीं," दुकानदार धूळ पुसत म्हणाला.

शाळेत टीव्ही होता. कुणा देणगीदारानं दिलेला, मुख्याध्यापकांच्या खोलीत, भरतकाम केलेल्या कापडाखाली. मुख्याध्यापक म्हणाले, "सिनेमा अभ्यासक्रमात आहे का?"

"धडा आहे, सर."

"धडा आहे ना? मग धडा शिकवा."

मी तीन अर्ज लिहिले. पहिला हरवला, दुसऱ्यावर 'विषय स्पष्ट करावा' असा शेरा आला, तिसऱ्याला शनिवारची परवानगी मिळाली. त्या शनिवारी सीडी प्लेअर घरून मोपेडवर बांधून आणला, टीव्ही वर्गात नेला आणि पोरं खाली बसेपर्यंत लाईट गेली. बारा वाजेपर्यंत आली नाही.

पुढच्या शनिवारी मात्र सिनेमा सुरू झाला. पहिली लाट पडद्यावर आली तेव्हा चाळीस पोरं एकदम मागं सरकली. मग कुणी हललंच नाही. जहाज भरकटलं, गोड्या पाण्याचं शेवटचं पिंप उरलं, कप्तानानं त्याला कुलूप लावलं आणि एकेका खलाशाला वाटीभर पाणी मिळू लागलं. एक खलाशी तहानेनं वेडा होऊन समुद्राचं पाणी प्यायला वाकला.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

"बसा! पाच मिनिटं बसा!" मी ओरडत होतो. ऐकतंय कोण? आईबाप ड्युटीवर, पाणी भरणारी ही पोरंच. दोन मिनिटांत वर्ग रिकामा झाला. एक मुलगी तेवढी राहिली. तिच्या गल्लीचा टँकर येऊन गेला होता.

"सर, एवढं पाणी हाय, तर त्यो मरतो कशानं?"

"ते खारं असतं. पिता येत नाही."

"जरा बी नाय?"

"नाही."

तिला ते पटलं नव्हतं. मी प्लेअरच्या वायरी काढत होतो, वैतागलो होतो. नीट समजावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सोमवारी तिची आई तिला दंडाला धरून वर्गाच्या दारात उभी राहिली. कंपनीत निघालेली असावी, खांद्याला डब्याची पिशवी होती.

"पिक्चरवाले सर तुमीच का? हिनं भरल्या हंड्यात मीठ कालवलं. सबंध पुडा! म्हणती, सरांचा समुद्र करून बघते."

"मी असं करायला सांगितलं नव्हतं, ताई."

"मग काय सांगितलं व्हतं?"

मी समुद्राविषयी बोलू लागलो आणि माझं मलाच कसंतरी झालं. तिनं मधेच तोडलं. "तीन दिसांनी टँकर यितो, सर. त्यो समुद्र तुमच्या घरी ठिवा."

मुलगी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "सर, दोन घोट पिले. उलटी झाली. खरंच पिता येत नाय."

इतक्या वर्षांत मी सांगितलेली गोष्ट कुणी स्वतः पडताळून पाहिली असेल तर ती या मुलीनं. पण दारात तिची आई होती, व्हरांड्यात मुख्याध्यापक येऊन थांबले होते, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मूर्ख आहेस का? पाणी असं नासवतात?"

तिचे कान लाल झाले. ती जाऊन जागेवर बसली.

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी लेखी सूचना काढली: यापुढे शाळेत कोणताही चित्रपट दाखवू नये. खाली माझी सही घेतली. संध्याकाळी मी शहरातल्या घरून दोन कॅन भरून त्या मुलीच्या खोलीवर नेले. तिच्या आईनं ते हंड्यात ओतून घेतले आणि रिकामे कॅन माझ्या हातात दिले. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिच्याशी चार शब्द बोलावे असं फार वाटलं, पण आईसमोर सुचेना. उद्या वर्गात बोलू, असं ठरवून निघालो.

उद्या म्हणता म्हणता परीक्षा आल्या. मी वर्गात प्रश्न विचारला की ती आता हात वर करत नसे. मग तिच्या वडिलांचा ठेका संपला आणि ते कुटुंब पुण्याकडं गेलं असं शेजारच्या पोरांनी सांगितलं. दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. महिनाभर मी हजेरीला तिचं नाव पुकारत राहिलो. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "कापा की ते, कशाला ठेवलंय?"

मी लाल पेन घेतला आणि कापलं.