परतीचं रक्त

नर्सिंगच्या वर्गात उज्वला बोरगुडे पहिल्या दिवशी आली, तेव्हा पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मॅडमच आल्या! त्यांचं तरी काय चुकलं? बाई तेहतिशीची, आठवीतल्या सायलीची आई, निफाडजवळच्या वस्तीवरून एसटीनं नाशिकला येणारी. उज्वला इतकी लाजली की थेट मागच्या बाकावर जाऊन बसली.

बाकीचे विषय तिनं रेटले. अडली ती शरीररचनेत, आणि त्यातही रक्तवाहिन्यांत. पहिल्या परीक्षेत त्याच विषयानं तिला लोळवलं. आता फेरपरीक्षा होती. तीही गेली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर कॉलेज सोडायचं असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. घरातलं कुणी तसं म्हणालं नव्हतं हो! पण द्राक्षाची छाटणी सुरू झाली की मजुरांच्या भाकरी आता सासू थापत होती. लंकाबाई सकाळपासून चुलीपुढे उभी. तिला असं दिवसभर राबवायचं आणि आपण नापास व्हायचं, हे उज्वलाच्या जिवाला लागलं होतं.

नवरा, सोमनाथ, मदतीला धावला. त्यानं तिला बांधावर नेलं आणि वेलींना पाणी देणाऱ्या ठिबककडे बोट दाखवलं.

"यात काय अवघड हाय? मोटर म्हणजे तुझं हृदय. ही मेन लाइन, ही सबमेन, या बारक्या नळ्या, अन् शेवटी थेंब. झालं!"

उज्वलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हृदयातून निघालेली मोठी रोहिणी, तिच्या फांद्या, मग केसाएवढ्या वाहिन्या. दोन दिवसांत सगळी नावं पाठ. सोमनाथ तर असा मिरवत होता, जणू त्यालाच डॉक्टरकी मिळाली.

आणि तोंडी सराव परीक्षेत शरीररचना शिकवणाऱ्या संजना मॅडमनी विचारलं, "पायाच्या बोटापर्यंत रक्त पोचलं. पुढे त्याचं काय होतं?"

"मुरतं, मॅडम," उज्वला ठामपणे म्हणाली.

वर्ग खो खो हसला. मॅडमनाही हसू आवरेना. "अहो उज्वलाताई, मग तुमची विहीर दुपारीच कोरडी पडेल की! रक्त परत येतं. नीला कशासाठी असतात?"

हसणाऱ्यांचं काय जातंय? उज्वला एसटीत खिडकीकडे तोंड करून रडली. नीला तिनं वाचल्याच होत्या, पण मनात बसलेलं ठिबक काही केल्या हलेना. पाणी गेलं की गेलं. उलटं, तेही चढावर, कशाला येईल?

घरी आली तर लंकाबाई बाजेवर आडवी. उज्वला सवयीनं तिचे पाय चेपायला बसली. अभ्यास सुरू झाल्यापासून सासूनं तिला ते करू दिलं नव्हतं. आजही तिनं लुगडं खाली ओढलं.

"राहू दे गं. तुला वाचायचं नाय का?"

"पाहू द्या, आई."

उज्वलानं लुगडं सारलं. पोटरीवर निळ्या गाठींची वेटोळी, घोट्याजवळ कातडी काळी पडलेली, खाजवून खाजवून फुटलेली.

"हे कधीपासून?"

"उष्णता हाय. व्हईल बरी."

उज्वलानं पायाखाली दोन उशा सरकवल्या. बघता बघता गाठी बसल्या. सासूला उभं केलं तर पुन्हा टम्म फुगल्या. मग तिनं स्वतःच्या हातावरची निळी शीर मनगटापाशी दाबली, अंगठ्यानं कोपराकडे पुसली. शीर सपाट झाली ती सपाटच राहिली. मनगटावरचं बोट उचलताच पंजाकडून भरत आली. हृदयाकडे!

"आई, आत झडपा असतात! रक्त वर जातं आणि झडप मागून मिटते. तुमच्या झडपा मिटत नाहीत, म्हणून ते खाली साचतं!"

"आता मह्या पायात दारं पण निघाली का?" लंकाबाई म्हणाली. पण पाय तिनं मागे घेतला नाही. रोज संध्याकाळी त्याच पायावर बोट फिरवत उज्वला खालून वर मोठ्यानं बोलत राहिली, आणि लंकाबाई हुं हुं करत ऐकत राहिली.

फेरपरीक्षेतल्या तोंडीला बाहेरून आलेले सर होते. त्यांनी नेमका संजना मॅडमचाच प्रश्न विचारला.  उज्वलानं डोळे मिटले आणि घोट्यापासून निघाली. आतल्या बाजूनं पोटरी, मांडी, जांघ, पोटातली मोठी नीला, हृदयाचा उजवा कप्पा. कुठंही अडखळली नाही.

"झडपा बिघडल्या तर?"

"संध्याकाळी पाय जड होतात, सर. घोट्याची कातडी काळी पडते, जखम होते." ती पुढे म्हणाली, "आणि माणूस ते कुणाला दाखवत नाही."

सर "छान," म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

ती पास झाली! सोमनाथनं सगळ्या वस्तीवर पेढे वाटले. त्याच आठवड्यात उज्वला सासूला नाशिकला दवाखान्यात घेऊन निघाली. "मला काय धाड भरलीय?" म्हणत लंकाबाई एसटीत बसली, आणि वाटभर फुगून राहिली.

"काय होतंय, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

उज्वला तोंड उघडणार, तोच लंकाबाईनं आपल्या हातानं लुगडं वर घेतलं आणि घोट्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली.

"हितून रक्त वर जायला पायजे, डाक्टर. ते खाली येतंय. झडपा मिटंना झाल्यात."

डॉक्टर हसले. "बरोबर आहे. उपाय आहे यावर, काळजी करू नका. सून नर्स आहे वाटतं?"

"नाही, अजून दोन वर्षं..." उज्वला पुटपुटली.

"हाय तर!" लंकाबाई म्हणाली. "तुम्ही पाय बघा."