तान्हूबाईंच्या नावाचे यंत्र

शिवरामदादांना मी प्रथम पाहिले ते भोरमधल्या त्यांच्या कारखान्यात. मी पाट्या रंगवणारा. पायाने चालवायच्या भात झोडणीच्या यंत्रावर नाव घालण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते. तेव्हा पंपांना, गिरण्यांना देवादिकांची नाहीतर मालकांच्या मुलांची नावे असत. मी कितीतरी रंगवली होती. दादांची वीस यंत्रे घेणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्यांनीही एका देवीचे नाव सुचवले होते. मी ते कागदावर वळणदार काढूनच नेले. दादांनी कागद पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "हे नगं. तान्हूबाई लिवा."

यंत्राला असले नाव! मला हसू आले, आणि त्याची लाज मला आजही वाटते. तान्हूबाई या दादांच्या धाकट्या बहीण, विंझरला दिलेल्या. पहिले यंत्र त्यांच्याच खळ्यावर चालवून पाहताना उघड्या दातेरी चाकात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दादांनी मग चाकावर पत्र्याचे झाकण बसवले. पण साफसफाईला अडचण नको म्हणून लोक ते काढून टाकतील, ही धास्ती त्यांना होती.

व्यापारी समजावू लागले, "अहो, गिऱ्हाईक बिचकेल. हे कुणाचं नाव म्हणून विचारलं, तर काय सांगायचं?"

"घडलं त्येच सांगायचं. लोकांनी इचारावं म्हनून तर घालतुया. झाकन काडू नगा म्हनून म्या वरडलो तर कोन ऐकतंय?"

मागणी रद्द झाली. आम्ही सगळे हळहळलो. दादांनी यंत्रे एकेक करून गावोगाव विकली आणि प्रत्येक ठिकाणी ती हकिगत स्वतः सांगितली. किकवी गावात एकाने झाकण काढल्याचे कळले, तेव्हा दादा अंगात ताप असताना एसटीने गेले आणि ते पुन्हा बसवून आले. त्यानंतर दादांच्या कुठल्याही यंत्रात कुणाचे बोट गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

तान्हूबाईंना मात्र ते नाव नको होते. "दादा, लोक माज्या हाताकडं बघत्याल," म्हणून त्या रडल्या होत्या. तो हात त्या कायम पदराखाली ठेवीत. भाऊबीजेचे ताटही भाचीच्या हाती देत. पुढे खळ्याखळ्यावर बाया त्यांना विचारू लागल्या आणि त्या हात पुढे करून सांगू लागल्या. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी दादांकडेच होतो. तान्हूबाईंनी भाचीकडून ताट घेतले आणि उजव्या हाताने भावाला कुंकू लावून ओवाळले. दादांना डोळे पुसायचेही भान राहिले नाही.

आज दादा साठ वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्या तीन बोटांच्या हाताचे कुंकू दर दिवाळीला त्यांच्या कपाळी लागो.